साथीतल्या बंदीचा हिशेब कसा मांडायचा

कोविडमधली टाळेबंदी बरोबर होती की चूक, हा विषय इंदूरच्या कुठल्याही मराठी घरात आजही काढून बघा. रामबाग असो की सुदामा नगर, पंगतीत आवाज चढतात. ज्याचं माणूस एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजनसाठी धावपळ करता करता गेलं, तो म्हणतो आधीच बंद करायला हवं होतं. ज्याचं दुकान कायमचं बसलं, तो म्हणतो बंद करून काय मिळवलं? दोघंही खरं बोलत असतात. पण कागदावर कुणी काही मांडत नाही, आणि पुढची साथ येईल तेव्हा हाच वाद पुन्हा पहिल्यापासून होईल. ते मला सहन होत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझं काम हिशेबाचं. सराफ्यातल्या आणि एम. टी. क्लॉथ मार्केटातल्या छोट्या दुकानांच्या वह्या मी लिहिते. साथरोगाची तज्ज्ञ मी नाही. पण बंदीचा फायदा किती आणि खर्च किती, हे मोजायला जे गणित लागतं ते दहावी झालेल्या कुणालाही येण्यासारखं आहे. अवघड आहे ते कुठला आकडा कुठल्या रकान्यात टाकायचा हे ठरवणं.

आधी उपायाचं नाव लिहा, पूर्ण

‘लॉकडाऊन’ असं लिहून सुरुवात केलीत तर हिशेब तिथेच फसला. त्या एका शब्दात शाळा, लग्नं, रेल्वे, भाजी मंडी, कारखाना, रात्रीची संचारबंदी, मास्क हे सगळं भरलेलं असतं. यातल्या प्रत्येकाचा खर्च वेगळा, फायदा वेगळा. मास्कला आणि खिडक्या उघड्या ठेवायला जवळपास काही लागत नाही. लग्नाला पाहुणे कमी बोलावले तर मांडववाल्याचं आणि केटररचं नुकसान होतं, पण बंद हॉलमध्ये चारशे माणसं तासन्‌तास जेवत-बोलत बसतात तो मोठा धोका टळतो. उलट उघड्या मैदानावर फिरायला बंदी घातली तर धोका फारसा कमी होत नाही आणि माणसं घरात कोंडली जातात. तेव्हा कागदावर असं लिहा: ‘अमुक बाजार, संध्याकाळी सात ते रात्री बारा, दोन आठवडे बंद.’ इतकं नेमकं झालं की पुढे मोजता येतं.

२०२० च्या उन्हाळ्यानंतर आपल्याकडे बाजार उघडताना एक दिवस डाव्या बाजूची दुकानं आणि दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूची, असा नियम लावला होता. हा नियम तपासायला फार चांगला आहे. दुकानदाराचे निम्मे दिवस गेले, हा खर्च दिसतो. गर्दीही निम्मी झाली का? ज्याला साडीच घ्यायची आहे तो ते दुकान उघडं असेल त्याच दिवशी येणार. म्हणजे त्या दुकानातली गर्दी तेवढीच राहते, किंवा वाढते. रस्त्यावरची गर्दी घटते, पण हा रोग जास्त पसरतो तो आत, बंद हवेत. असे प्रश्न एकेका उपायाला विचारावे लागतात, सरसकट नाही.

तुलना मागच्या वर्षाशी करू नका

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. दुकानदार २०१९ चा गल्ला आणि २०२० चा गल्ला शेजारी ठेवतो आणि जो फरक येतो तो सगळा सरकारी आदेशाच्या नावावर टाकतो. पण आदेश नसता तर २०१९ परत येणार नव्हतं. रोग मोकळा फिरत असता, स्मशानाच्या बातम्या येत असत्या, आणि गिऱ्हाईक आपणहून घरी बसलं असतं.

यावर चांगलं काम झालं आहे. शिकागोचे दोन अर्थतज्ज्ञ, ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हर्सन, यांनी अमेरिकेत फोनच्या नोंदींवरून दुकानांतली ये-जा तपासली. एकाच शहराच्या दोन बाजूंना वेगळे नियम असतील तर काय होतं, हे त्यांनी पाहिलं. ये-जा एकूण ६० टक्क्यांनी घटली होती, आणि त्या साठांपैकी जेमतेम सात आदेशामुळे होते. बाकीची घट भीतीची. डेन्मार्कने कडक बंदी घातली आणि शेजारच्या स्वीडनने जवळपास घातली नाही, तरी बँकेच्या नोंदींनुसार लोकांचा खर्च डेन्मार्कमध्ये साधारण २९ टक्के आणि स्वीडनमध्ये २५ टक्के कमी झाला.

हे आकडे उचलून इंदूरला चिकटवू नका, एवढंच माझं सांगणं. आपल्याकडे २५ मार्च २०२० ला अख्खा देश एका रात्रीत बंद झाला. देशात तेव्हा नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास होते. झाबुआच्या एखाद्या पाड्यावर रोगाची भीती अजून पोचायची होती, पण हाट बंद झाला. तिथे घट जवळपास पूर्णपणे आदेशाचीच. इंदुरात मात्र एप्रिलमध्येच रुग्ण झपाट्याने वाढले होते, तेव्हा भीतीचा वाटा मोठा असणार. म्हणून कागदावर दोन रकाने करा: ‘आदेश नसता तरी गेलं असतं’ आणि ‘आदेशामुळे गेलं’. खर्च म्हणून फक्त दुसरा रकाना धरायचा. आणि जिथे रोगच पोचलेला नाही तिथे हा दुसरा रकाना फुगतो आणि त्या घडीला फायद्याचा रकाना जवळजवळ रिकामा असतो, हेही त्याच कागदावर दिसेल.

नुकसान म्हणजे नक्की काय

माझे एक सराफ्यातले शेठ मला म्हणाले होते, “ताई, माझं बारा लाखांचं नुकसान झालं.” मी म्हटलं, “शेठ, बारा लाखांची विक्री झाली नाही. माल कपाटात आहे ना?” त्यांनी मान हलवली. विक्री आणि नुकसान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि टीव्हीवरच्या चर्चेत त्या नेहमी एक होतात.

नुकसान मोजताना विक्रीतून मालाची खरेदी वजा करा. उरतं त्यात मालकाचा नफा, नोकरांचे पगार, जागेचं भाडं आणि कर्जावरचं व्याज असतं. बंदीत बुडतं ते हे. खराब झालेला माल त्यात मिळवा: कपडा टिकतो, मावा टिकत नाही. मालकाने पगार दिला नाही तर नुकसान नाहीसं झालं नाही, ते नोकराच्या घरी गेलं. घरमालकाने भाडं सोडलं तर ते घरमालकाकडे गेलं. म्हणून तीच रक्कम दोनदा धरायची नाही आणि एकदाही सोडायची नाही. सरकारने दिलेली मदत ही शहराच्या एकूण हिशेबात खर्च नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले पैसे आहेत. पण ती कुणाला पोचली हे पुढे फार महत्त्वाचं ठरतं.

आता सराफ्याकडेच बघा. दिवसा तिथे सोनं विकलं जातं. रात्री त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, दहीवडे, जलेबा, थंडीत गराडू. एप्रिलचं लग्न नोव्हेंबरला ढकललं तर मंगळसूत्र नोव्हेंबरला घेतलं जातं. सोनाराची विक्री पुढे गेली, बरीचशी परत आली. पण त्या रात्री न खाल्लेला भुट्ट्याचा कीस सहा महिन्यांनी कुणी दुप्पट खात नाही. ठेलेवाल्याचं गेलं ते गेलंच. एकाच गल्लीत, एकाच आदेशाखाली दोन वेगळी नुकसानं आहेत. व्यापारी संघटनेच्या निवेदनात मात्र मोठ्या दुकानाचा आकडा वर असतो, कारण निवेदन लिहिणारा तोच असतो. ठेलेवाल्याची वहीच नसते. त्याच्या रोजच्या मिळकतीचा अंदाज तुम्ही स्वतः जाऊन विचारल्याशिवाय कागदावर येणार नाही. जा आणि विचारा.

जीव मोजायचे म्हणजे काय मोजायचं

इथे पुष्कळांना संकोच वाटतो. मलाही हलक्या हाताने करावंसं वाटत नाही. पण मोजलं नाही तर सोयीचं असेल ते गृहीत धरलं जातं, आणि ते जास्त वाईट.

कोविडमध्ये वय हा सगळ्यात मोठा घटक होता. लस येण्याआधी, श्रीमंत देशांतल्या अभ्यासांवरून, लागण झालेल्यांपैकी मृत्यूचं प्रमाण पंचविशीत ०.०१ टक्का, ५५ व्या वर्षी ०.४ टक्का, ६५ ला १.४, ७५ ला ४.६ आणि ८५ ला १५ टक्क्यांच्या घरात निघालं. म्हणून ‘किती लागणी टळल्या’ एवढं पुरत नाही, कुणाच्या टळल्या हे लागतं. आपल्याकडे तरुण जास्त, हे खरं. पण आपल्या घरांत आजी आणि नातू एकाच खोलीत झोपतात, तेव्हा तरुणाची लागण तरुणापाशी थांबत नाही.

मृत्यूंचे आकडे घेताना सरकारी नोंदीवर थांबू नका. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी भारताची अधिकृत संख्या सुमारे ४.८ लाख होती. जागतिक आरोग्य संघटनेने नेहमीपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला. केंद्र सरकारने तो मानला नाही, त्यांच्या पद्धतीवर हरकत घेतली. माझं मत विचाराल तर नोंदी अपुऱ्या होत्या याबद्दल मला शंका नाही. एक हिशेब छोट्या आकड्याने करा आणि एक मोठ्या आकड्याने.

एक नमुना

आकडे सगळे मानलेले आहेत, रीत समजावी म्हणून. एका शहरात दाटीचे बाजार दोन आठवडे बंद ठेवले. त्यामुळे पुढची साखळी धरून २०,००० लागणी टळल्या असं माना. त्यात चाळिशीखालचे १२,०००, चाळीस ते साठमधले ६,००० आणि साठीवरचे २,०००. मृत्यूचं प्रमाण अनुक्रमे ०.०२, ०.३ आणि ३ टक्के धरलं तर टळलेले मृत्यू २.४, १८ आणि ६०, म्हणजे सुमारे ८०. प्रत्येकाची राहिलेली वर्षं सरासरीने ४०, २५ आणि १२ धरा. बेरीज १,२६६ वर्षं. दगावणाऱ्यांत आधीच मधुमेह किंवा हृदयविकार असलेले जास्त असतात, म्हणून चौथा हिस्सा कमी करू. ९५० वर्षं राहिली.

खर्चाकडे २,००० ठेले, दिवसाची निव्वळ मिळकत ८०० रुपये. चौदा दिवसांचे २ कोटी २४ लाख. पक्की दुकानं १,५००, नफा-पगार-भाडं मिळून दिवसाला ३,००० रुपये. ते ६ कोटी ३० लाख. आदेश नसता तरी भीतीने निम्मं गिऱ्हाईक गेलंच असतं असं धरू, म्हणजे आदेशाचा भाग ठेल्यांचा १ कोटी १२ लाख, दुकानांचा ३ कोटी १५ लाख. दुकानांपैकी तिसरा हिस्सा पुढे परत येतो, तेव्हा त्यांचे २ कोटी १० लाख. एकूण ३ कोटी २२ लाख. त्याला ९५० ने भागा. आयुष्याचं एक वर्ष वाचवायला साधारण ३४ हजार रुपये लागले. टळलेली हॉस्पिटलची बिलं यात धरलेलीच नाहीत, ती धरली तर आकडा आणखी खाली येईल.

आता हाच नमुना दोनदा हलवून बघा. तिसरा आठवडा वाढवला. साथ तोवर ओसरू लागली आहे, म्हणून ३,००० च लागणी टळतात. तोवर लोकांची शिल्लक संपून व्याजाने पैसे काढणं सुरू झालं आहे, म्हणून त्या एका आठवड्याचा खर्च दोन कोटी माना. वाचतात १४२ वर्षं. वर्षाला १ लाख ४० हजार. म्हणजे पहिले दोन आठवडे स्वस्तात पडले म्हणून तिसराही स्वस्त पडेल असं नाही. प्रत्येक वाढीव आठवड्याचा कागद वेगळा.

दुसरं, टळलेल्या लागणींपैकी ८० टक्के खरं तर टळल्याच नाहीत, नुसत्या चार महिने पुढे गेल्या, असं माना. मग वाचलेली वर्षं ९५० ची १९० होतात आणि एका वर्षाचा खर्च १ लाख ६९ हजारांवर जातो. बंदी तीच, खर्च तोच.

म्हणून सगळ्या कागदात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा प्रश्न: मिळालेल्या वेळात केलं काय? बंदी वेळ विकत घेते. त्या वेळात खाटा वाढल्या, ऑक्सिजनची सोय झाली, डॉक्टरांना उपचार कळले, लस आली, तर पुढे ढकललेली लागण खरोखर वाचलेला जीव होतो. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं. त्याआधी जे आजारी पडायचे टळले, त्यांच्यापैकी अनेकांना लस मिळाली. पण पहिल्या लाटेनंतर मिळालेल्या महिन्यांत ऑक्सिजनची तयारी पुरेशी झाली नाही. एप्रिल २०२१ मध्ये इंदूरहून रिकामे टँकर हवाई दलाच्या विमानाने जामनगरला न्यावे लागले. २०२० मध्ये एवढी मोठी किंमत मोजून घेतलेला वेळ आपण वापरला नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

३४ हजार महाग की स्वस्त?

याला कुठेतरी उंबरठा लागतो. ब्रिटनची आरोग्य संस्था बरीच वर्षं निरोगी आयुष्याच्या एका वर्षासाठी २० ते ३० हजार पौंड हा उंबरठा धरत होती. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाची यंत्रणा साधारण दरडोई उत्पन्नाइतका धरते. २०१९-२० मध्ये ते सुमारे दीड लाख रुपये होतं. त्या हिशेबाने आपल्या नमुन्यातली बंदी घ्यावी अशी, तिसरा आठवडा अगदी काठावर, आणि नुसती पुढे ढकलणारी बंदी नको अशी.

अमेरिकेत एका जिवाची किंमत एक कोटी डॉलरच्या आसपास धरतात. तो आकडा इकडे आणू नका. धोक्याच्या कामाला माणूस किती जास्त पगार मागतो, त्यावरून असे आकडे काढतात. ज्याला पोटासाठी कुठलंही काम घ्यावंच लागतं त्याच्या जिवाची किंमत या रीतीने कमी निघते. ती कमी नसते, त्याचा खिसा रिकामा असतो. म्हणून माझा नियम असा: एका शहरातल्या हिशेबात सगळ्यांच्या वर्षाला एकच दर लावायचा, मग तो कापड मार्केटातला हमाल असो की शोरूमचा मालक.

जे वहीत येत नाही

बंदीमुळे दुसरे आजारही मागे पडतात. देशात क्षयरोगाचे नोंदलेले रुग्ण २०१९ मध्ये सुमारे २४ लाख होते, २०२० मध्ये १८ लाखांवर आले. रोग कमी झाला नव्हता, तपासणी थांबली होती. हे फायद्याच्या रकान्यातून वजा करायचं, कारण तेही जीवच आहेत. शाळांचं तर पैशात मांडणं कठीण. ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत झालेल्या पाहणीत गरीब वस्त्यांतली मुलं घेतली होती. त्यांपैकी ग्रामीण मुलांत नियमित ऑनलाइन शिकणारी ८ टक्केच निघाली. मुलांच्या जिवाला धोका सगळ्यात कमी आणि त्यांची शाळा सगळ्यात जास्त दिवस बंद, हे कागदावर आलं की माझं मत स्पष्ट होतं: शाळा शेवटी बंद करायच्या आणि आधी उघडायच्या.

आणि लोकांचा विश्वास. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी घरं फोडल्यासारखी तपासली, तेव्हा लोक रोगी लपवू लागले आणि शेवट रँडच्या खुनापर्यंत गेला. एप्रिल २०२० मध्ये आपल्याच शहरात तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. त्या पथकातल्या डॉक्टर बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेल्या, म्हणून पुढचं काम झालं. याच्या उलट उदाहरणही इंदूरचंच आहे. १९१७ मध्ये होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं होतं. गावात प्लेग होता. त्यांनी दिवाळीला मोठी मिरवणूक काढली, उंदराची भलीमोठी प्रतिकृती त्यात होती, आणि जी गल्ली स्वच्छ असेल तिथून मिरवणूक जाईल असं जाहीर केलं. लोकांनी आपणहून घरं-अंगणं साफ केली. लोक आपणहून करतात तो उपाय नेहमी स्वस्त पडतो, म्हणून खर्चाच्या बाजूला ‘लोक हे पाळतील का’ असा एक रकाना ठेवाच.

आता नावं लिहा

बेरीज झाली की ती फोडा. कुणी किती भरलं, कुणाला किती मिळालं. एप्रिल ते जून २०२० मध्ये देशाचं उत्पादन आधीच्या वर्षीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी घटलं, शहरी बेरोजगारी २१ टक्क्यांच्या आसपास गेली. पण पगारदार माणूस घरी बसून पूर्ण पगार घेत होता, आणि मे महिन्यात आपल्या आग्रा-मुंबई रस्त्याने माणसं मुलं खांद्यावर घेऊन उत्तर प्रदेशाकडे चालत होती. ८ मे २०२० ला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते आपल्याच मध्य प्रदेशचे होते. त्यांचे मृत्यू कोविडच्या यादीत नाहीत. बंदीच्या खर्चात आहेत.

नमुन्यातले २,००० ठेले पुन्हा घ्या. चौदा दिवसांची पूर्ण मिळकत भरून द्यायची तर प्रत्येकाला ११,२०० रुपये, एकूण २ कोटी २४ लाख. जी बंदी ९५० वर्षं वाचवते तिच्यासाठी शहराने एवढे पैसे उभे करणं अशक्य नाही. आणि ठेलेवाल्याला पैसे मिळाले तर तो गल्लीच्या आड चोरून ठेला लावत नाही, म्हणजे फायद्याचा आकडाही वाढतो. म्हणून भरपाई ठरलेली नसेल तर बंदीचा कागद अपुरा आहे असं समजा आणि तुमच्या नगरसेवकाला तसं तोंडावर सांगा.

शेवटी प्रत्येक मानलेल्या आकड्यापुढे दोन आकडे लिहा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, आणि कुठला आकडा बदलला की निर्णय उलटतो ते शोधा. आपल्या नमुन्यात ‘किती लागणी नुसत्या पुढे गेल्या’ हा तो आकडा होता. पुढच्या साथीत पहिल्या दिवसापासून माहिती गोळा करायची ती याची. बंदीच्या आदेशात आणखी दोन गोष्टी लिहून घ्या: कुठल्या तारखेला फेरविचार होणार, आणि रोजचे रुग्ण किंवा रिकाम्या खाटा कुठल्या आकड्याला आल्या की बाजार उघडणार. सराफ्यातल्या माणसाला तो आकडा माहीत असेल तर तो रोज सकाळी पेपरात तोच आधी बघेल, आणि उधारी किती दिवस ताणायची हे त्याला ठरवता येईल.